गोव्यातून आईस हॉकी: संघ निवडण्याआधी घड्याळ बघा

पहाटे साडेपाचला मी टीव्ही लावला की आई अजूनही दचकून बाहेर येते. पडद्यावर नजर टाकते, "परत ते काठ्यांनी भांडणारे?" म्हणते आणि जांभई देत आत जाते. म्हापशाजवळच्या आमच्या गावात बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. तरी गेले काही हंगाम मी माँट्रियल कॅनेडियन्स या संघाच्या नादाला लागलोय. आतेभाऊ तिकडे नोकरीला गेला आणि त्याने हे खूळ माझ्या डोक्यात भरवलं. सुरुवातीला मी जवळजवळ सगळं चुकीच्या पद्धतीने केलं. तुम्हाला या वाटेने जायचं असेल तर ते टाळता यावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हॉकी म्हटल्यावर आपल्याकडे लोकांना मैदानी हॉकी आठवते. इथे विषय उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा आहे. कॅनडा आणि अमेरिकेतले मिळून 32 संघ, ऑक्टोबर ते एप्रिल साखळी सामने, मग जूनपर्यंत प्लेऑफ. शेवटी स्टॅन्ले कप. कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी 1892 मध्ये दिलेलं हे चषकाचं भांडं.

आधी घड्याळ

बहुतेक जण आधी संघ निवडतात, मग मॅच कधी असते ते बघतात आणि डिसेंबर उजाडेपर्यंत कंटाळतात. गोव्यात राहून हे उलट करावं लागतं. तुम्ही कधी जागे असता ते आधी ठरवा. त्या वेळेला जो संघ खेळतो, तो तुमचा.

मॅचेस साधारण स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंतचा हिशेब असा: पूर्वेकडच्या शहरांतली सातची मॅच (माँट्रियल, टोरोंटो, बोस्टन, न्यूयॉर्क) आपल्याकडे पहाटे साडेपाचला. शिकागो, विनिपेग, डॅलस या मधल्या पट्ट्यातली साडेसहाला. एडमंटन, कॅलगरी, डेन्व्हरची साडेसातला. व्हँकुव्हर, सिएटल, लॉस एंजेलिसची साडेआठला. उरलेल्या महिन्यांत तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणून आपल्याकडे सगळं एक तास आधी येतं. ऑक्टोबरात आणि एप्रिलात माँट्रियलसाठी साडेचारला उठावं लागतं.

या एका तासाने मला दोनदा फसवलं. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात मी सव्वाचारला उठून, चहा घेऊन बसलो आणि पडद्यावर तासभर कुणीच आलं नाही. मार्चमध्ये, शिगम्याच्या धामधुमीत, नेमकं उलटं झालं: मी ऐटीत साडेपाचला टीव्ही लावला तर पहिला पिरियड संपून खेळाडू आत निघाले होते, माँट्रियल दोन गोलांनी मागे.

तारखेचाही घोळ असतो. आतेभावाचा निरोप येतो, "शनिवारी सात वाजता मोठी मॅच". त्याचा शनिवार म्हणजे आपला रविवार. मी शनिवारी पहाटे उठून बसलो होतो हे त्याला अजून सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने आपल्या तारखेला आणि आपल्या वेळेनुसार मॅच लिहितो. फोनवर लीगचं अधिकृत ॲप टाकलं तर ते वेळ आपल्या वेळेनुसारच दाखवतं. तरी भिंतीवर लिहिलेलं घरातल्या सगळ्यांना दिसतं, आणि "उद्या पहाटे आवाज होईल" ही सूचनाही आपोआप मिळते.

अलार्म लावताना आणखी एक: सातची मॅच सातला सुरू होत नाही. राष्ट्रगीतं, खेळाडूंची ओळख वगैरे होऊन पक (चेंडूऐवजी असते ती चकती) बर्फावर पडेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. चहा तेवढ्यात होतो.

आता संघ

सकाळी साडेआठला घर सोडणाऱ्या माणसाला पूर्वेकडचा संघ सोयीचा. साडेपाचला सुरू झालेली मॅच अडीच-पावणेतीन तासांत आटोपते. दुकान उशिरा उघडणाऱ्याला किंवा घरून काम करणाऱ्याला व्हँकुव्हर चालेल. आठवड्यातून एकदाच बघायचं असेल तर कॅनडातल्या शनिवार रात्रीच्या प्रक्षेपणाचा दुसरा सामना धरा. तो पूर्वेच्या घड्याळाने दहाला सुरू होतो, म्हणजे हिवाळ्यात आपल्या रविवारी साडेआठला. नाश्ता करता करता एडमंटनचा कॉनर मॅकडेव्हिड बघता येतो. बर्फावर त्याच्याइतका वेगवान माणूस सध्या नाही असं माझं मत आहे, आणि मी त्याच्या संघाचा नाही.

पहाट अजिबात जमत नसेल तर दुपारच्या मॅचेस शोधा. तिकडची शनिवारी दुपारी एकची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेअकराला येते. बोस्टन अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, घरच्या मैदानावर खेळतं. ती तिथली जुनी प्रथा आहे.

घड्याळ जुळलं की बाकीचं मनावर. माझा फक्त एक सल्ला: चालू विजेत्याच्या मागे लागू नका. फ्लोरिडा पँथर्सनी 2024 आणि 2025 असे लागोपाठ दोन कप जिंकले, दोन्ही वेळा अंतिम फेरीत एडमंटनला हरवून. तेव्हा त्यांचा झेंडा धरला असता तर मला खेळ कळला असता, पण चाहत्याचं दुखणं कळलं नसतं. माँट्रियलचे 24 कप आहेत, लीगमध्ये सर्वाधिक, आणि शेवटचा 1993 चा. त्यानंतर कॅनडातल्या कुठल्याच संघाने कप जिंकलेला नाही. टोरोंटोचं तर 1967 पासून अडलंय. टोरोंटोशेजारच्या मिसिसागात गोंयकार भरपूर आहेत, त्यामुळे गोव्यात बऱ्याच घरांत टोरोंटोची निळी टोपी सापडते. त्या घरांबद्दल मला सहानुभूती आहे.

भारतीय धागा हवा असेल तर तोही आहे. रॉबिन बावा 1989 मध्ये वॉशिंग्टनकडून खेळला. एनएचएलमध्ये खेळलेला तो भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. मॅनी मल्होत्राने तर नऊशेहून जास्त सामने खेळले. व्हँकुव्हरच्या अर्शदीप बैन्सचं पदार्पण 2024 मधलं, आणि तो तिथल्याच सरी शहरात वाढलेला. कॅनडात 2008 पासून पंजाबी समालोचनही होतं. समालोचक हरनारायण सिंग यांनी 2016 च्या अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या बोनीनोने गोल केल्यावर त्याचं नाव इतक्या वेळा आणि इतक्या वेगाने घेतलं की ती क्लिप जगभर फिरली. भाषा न कळताही ऐकाच.

बघायचं कशावर

परदेशी खेळांचे प्रक्षेपण हक्क हात बदलत राहतात. म्हणून दर सप्टेंबरात, हंगामाआधी, लीगच्या अधिकृत संकेतस्थळावर भारतासाठी कोणती सेवा दिली आहे ते बघा आणि मगच पैसे भरा. शक्यतो महिन्याचं सदस्यत्व घ्या, वर्षाचं नको. पहिल्या वर्षी मी एका सेवेला वर्षाचे पैसे भरले, हंगाम संपल्यावर विसरलो आणि पुढच्या वर्षीचे पैसे कार्डावरून आपोआप कापले गेले. ते परत मिळवण्यात पूर्ण चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, गेली. बेकायदा लिंकांच्या वाटेला जाऊ नका. नैतिक कारण बाजूला ठेवलं तरी त्या नेमक्या ओव्हरटाइममध्ये मरतात आणि जाता जाता फोनमध्ये भलतंच काहीतरी सोडून जातात.

पैसे न भरताही बरंच जमतं. लीगच्या यूट्यूब वाहिनीवर प्रत्येक मॅचच्या ठळक क्षणांचा व्हिडिओ काही तासांत येतो. महिलांची व्यावसायिक लीग, पीडब्ल्यूएचएल, जानेवारी 2024 मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात तिने मॅचेस यूट्यूबवर मोफत दाखवल्या. खेळ शिकायला मी नवख्यांना हीच लीग सुचवतो. माँट्रियलची मारी-फिलिप पुलँ पक कशी झाकून ठेवते ते दहा मिनिटं बघितलं की पुढच्या गोष्टी सोप्या होतात.

गावात फायबर असेल तर चिंता नाही. मोबाइलच्या डेटावर बघणार असाल तर रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक एचडीमध्ये मॅच संपायच्या आत उडतो. अशा वेळी चित्राचा दर्जा एक पायरी खाली आणा, पण सेटिंगमध्ये सेकंदाला साठ फ्रेमचा पर्याय असेल तर तो सोडू नका. क्रिकेटचा चेंडू धूसर चित्रातही कळतो, पक मात्र अडखळत्या चित्रात गायबच होतो.

पक दिसत नाही, त्याचं काय

पक म्हणजे कडक रबराची काळी चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, वजन जास्तीत जास्त 170 ग्रॅम. उसळू नये म्हणून मॅचआधी ती गोठवून ठेवतात. झेडेनो चाराने 2012 च्या कौशल्य स्पर्धेत मारलेला शॉट ताशी 175 किलोमीटरचा भरला होता. अशी चीज डोळ्यांनी पकडायचा प्रयत्न केला तर डोकं दुखतं. माझं दुखलं. पहिल्या महिन्यात मला गोल झालेला कळायचा तो गोलमागचा लाल दिवा लागल्यावर.

युक्ती अशी की पककडे बघायचंच नाही. खेळाडूंचे खांदे आणि चेहरे बघा. दहाही जण एका दिशेला वळलेले दिसतात, पक तिथेच असतो. दुसरं, गोलकीपरकडे बघा. तो सरकतो त्या बाजूला धोका. दोन आठवड्यांनी पक आपोआप दिसायला लागतो, आपण शोधणं सोडल्यावर.

नियमांतलं निम्मं गोंयकाराला फुटबॉलमुळे आधीच येतं. रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. दोन निळ्या रेषा, मधे लाल रेषा. प्रत्येक संघाचे सहा जण: तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्स, एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड.

ऑफसाइड इथेही आहे, पण तो बचाव करणाऱ्या माणसावर ठरत नाही, निळ्या रेषेवर ठरतो. समोरच्यांच्या निळ्या रेषेपलीकडे आधी पक गेला पाहिजे, मग तुमची माणसं. फातोर्ड्याच्या फुटबॉल मैदानावर गॅलरीत लाइन्समनच्या नावाने जी वादावादी चालते, ती इथे कॅमेऱ्यावर मिटते.

आयसिंग ही नवी गोष्ट. दमलेला संघ स्वतःच्या अर्ध्यातून पक नुसता लांब फटकावतो आणि तो कुणाला न लागता समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जातो. शिक्षा अशी की खेळ परत त्यांच्याच गोलजवळून सुरू होतो आणि त्यांना खेळाडू बदलायला मिळत नाहीत. ही दुसरी गोष्टच खरी शिक्षा.

कारण या खेळात बदली खेळाडू खेळ चालू असतानाच हव्या तेवढ्या वेळा आत-बाहेर करतात. एक जण सलग साधारण 45 सेकंद खेळतो, जीव तोडून, आणि कठडा ओलांडून बाकावर येऊन बसतो. याला शिफ्ट म्हणतात. मला हे कळलं तेव्हा खेळ उलगडला. तोवर मला वाटायचं की तोच-तोच माणूस सतत धावतोय. एकदा दीड मिनिट अडकून पडलेल्या पाच दमलेल्या खेळाडूंकडे नीट बघा: काठी गुडघ्यावर टेकलेली, तोंड उघडं, पाय सरळ. पुढच्या वीस सेकंदांत तिथे गोल होणार हे समालोचकाआधी तुम्ही सांगाल.

पॉवर प्ले हा शब्द क्रिकेटमुळे ओळखीचा असला तरी अर्थ वेगळा. कुणी अडथळा आणला, काठी अडकवली की दोन मिनिटं शिक्षेच्या पेटीत बसायचं आणि त्याच्या संघाने एक माणूस कमी घेऊन खेळायचं. त्या दोन मिनिटांत गोल खाल्ला तर शिक्षा तिथेच संपते. मोठ्या गुन्ह्याला पाच मिनिटं, आणि ती गोल झाला तरी पूर्ण भोगावी लागतात.

शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मागे पडलेला संघ गोलकीपरला बाहेर काढून सहावा हल्लेखोर आणतो. गोल रिकामा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तो जायबंदी झालाय असं वाटलं होतं.

बरोबरी झाली तर ओव्हरटाइम: साखळीत पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन, तरीही नाही तर शूटआउट. प्लेऑफमध्ये शूटआउट नाही. वीस मिनिटांचे पूर्ण पिरियड, पहिला गोल होईपर्यंत. ऑफिसला उशीर होण्याचं खरं कारण हेच.

दोन पिरियडमध्ये अठरा-अठरा मिनिटांची सुट्टी असते. हिवाळ्यात पहिली सुट्टी सव्वासहाच्या आसपास पडते, आणि आमच्या वाड्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों नेमका तेव्हाच येतो. उंडे घेऊन, दारातली रांगोळी न मोडता परत यायला चार मिनिटं लागतात. दुसऱ्या सुट्टीत आंघोळ. मी हे सहज जमलेलं सांगत नाही, एक अख्खा हंगाम लागला.

82 मॅचेसचा रतीब

प्रत्येक संघ साखळीत 82 मॅचेस खेळतो. 2026-27 पासून 84. सगळ्या बघायचा हट्ट पहिल्या वर्षी मी केला. डिसेंबरात ऑफिसात व्हाउचरवर डोकं ठेवून झोपलो आणि साहेबांनी उठवलं.

आता माझा रतीब ठरलाय. रविवारी पहाटेची मॅच थेट आणि पूर्ण. आठवड्यात मधे एखादी, प्रतिस्पर्धी चांगला असेल तरच. बाकीच्यांचे ठळक क्षण दुपारी जेवताना, आणि त्याआधी मॅचचं आकड्यांचं पान. त्यात मी तीनच गोष्टी बघतो: दोन्ही संघांचे गोलवर किती शॉट, पॉवर प्ले किती मिळाले आणि किती वापरले, आणि गोलकीपरने शंभरात किती अडवले. नव्वद म्हणजे आजकालची सरासरी, 92 म्हणजे त्याने संघाला उचलून धरलं. 40 शॉट मारून 2–1 ने हरलेल्या संघावर चिडू नका. समोरच्या गोलकीपरला सलाम करा.

हंगाम सुरू होतो तेव्हा दिवाळी जवळ असते, आणि इथे गोव्याचा फायदा. नरकासुराच्या रात्री वाड्यावरची पोरं पहाटेपर्यंत जागीच असतात. एका वर्षी आम्ही नरकासुर जाळून, अंगाला धुराचा वास घेऊनच टीव्हीसमोर बसलो. अलार्मची गरज नव्हती. चार जण होते, त्यातल्या दोघांना खेळ अजिबात कळला नाही आणि एक आज माझ्यापेक्षा जास्त बघतो. सोबत हवी असेल तर अशीच मिळवावी लागते, कारण पहाटे साडेपाचला मॅच दाखवणारा बार पणजीत काही उघडा नसतो.

गुणतक्त्याबद्दल थोडक्यात. जिंकल्यास दोन गुण, ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरल्यास एक, साठ मिनिटांत हरल्यास शून्य. चार विभागांतले पहिले तीन-तीन आणि प्रत्येक परिषदेतले (दोन विभाग मिळून एक परिषद) आणखी दोन असे 16 संघ प्लेऑफला जातात. नुसते गुण बघू नका, किती मॅचेसमध्ये मिळवले ते बघा. जानेवारीत तीन मॅचेस कमी खेळलेला खालचा संघ प्रत्यक्षात वर असू शकतो. आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, जे वर असतात ते बहुतेक शेवटीही वरच राहतात असा जाणकारांचा ठोकताळा आहे.

माँट्रियल 2023 आणि 2024 मध्ये विभागात तळाला होतं. तेव्हा निक सुझुकी हा तरुण कर्णधार आणि मार्टिन सेंट लुई हे प्रशिक्षक शांतपणे संघ बांधत होते, आणि मी शांतपणे हरणं बघत होतो. 2025 मध्ये हंगामाची अगदी शेवटची मॅच जिंकून त्यांनी प्लेऑफ गाठला. आपल्याकडे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाची पहाट होती. मी इतका ओरडलो की शेजारच्या रुझारीनबाईंनी कुंपणावरून विचारलं, कोण गेलं? पुढच्याच फेरीत वॉशिंग्टनने 4–1 ने घरी पाठवलं, पण तो भाग त्यांना सांगायची गरज पडली नाही.

मॅच नंतर बघणार असाल तर निकाल फुटू देऊ नका. ॲपच्या सूचना बंद करा, यूट्यूब उघडण्याआधी विचार करा, आणि परदेशातल्या नातेवाइकाला ठणकावून सांगा की "अरेरे" एवढंसुद्धा पाठवायचं नाही. त्यातूनही सगळं कळतं.

जर्सी

खेळाडूंसारखी अस्सल जर्सी अंगरख्यासारखी ढगळ असते, कारण ती आत पॅड घालून वापरायची असते. तिचे माप 46, 50, 52 असे आकड्यांत येतात. चाहत्यांसाठीच्या साध्या प्रतीला स्मॉल, मीडियम, लार्ज असतं. गोव्यात साधीच घ्या. ते जाड पॉलिएस्टर डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे सोडून कधीही घालवत नाही. ऑनलाइन मागवलीत तर किमतीवर कस्टम ड्युटी आणि कुरिअरचा खर्च चढतो, तो आधी हिशेबात धरा. माझी आतेभावाच्या बॅगेतून आली, चॉकलेटं आणि मेपल सिरपच्या मधे. पाठीवर खेळाडूचं नाव छापून घेताना त्याचा करार किती वर्षांचा आहे ते बघा. मार्चच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, त्याआधीच्या आठवड्यात खूप पाठी जुन्या होतात.

खरा बर्फ

माँट्रियलला मी अजून गेलेलो नाही. आतेभावाकडून कळलेलं एवढंच की संघाच्या घरच्या बेल सेंटरमध्ये साधारण 21 हजार प्रेक्षक मावतात आणि तरी तिकीट महाग पडतं. स्वस्तात बघायचं तर सप्टेंबरातली सराव मॅच किंवा जवळच्या लाव्हालमध्ये खेळणारा दुय्यम संघ, लाव्हाल रॉकेट. तिथूनच पोरं वर येतात. आणि पक खेळात असताना जागेवरून उठायचं नाही, शिट्टी वाजेपर्यंत दारातला माणूस आत-बाहेर सोडत नाही.

आईस हॉकी बघायला व्हिसाच हवा असं मात्र नाही. लेहला जानेवारी-फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यांवर आणि एनडीएस रिंकवर सामने चालतात, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतली आईस हॉकीही तिथेच झाली. भारतीय महिला संघाने 2025 मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, त्यातल्या मुली बहुतेक लडाखच्या. मोपा किंवा दाबोळीहून दिल्लीमार्गे जाता येतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणून पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं, कितीही उत्साह असला तरी. आपले गोव्यातले स्वेटर तिथे रुमालासारखे. बूट आणि जाकीट दिल्लीत घ्या किंवा लेहमध्ये भाड्याने.

मी गेलो तेव्हा कठड्यापासून दीड हातावर उभा होतो. टीव्हीवर न कळणारी गोष्ट म्हणजे आवाज. ब्लेड वळताना बर्फ खरवडतं तो, खोबरं किसल्यासारखा, फक्त शंभरपट मोठा. आणि पक फळीवर आदळतो तेव्हा छातीत लागतं.

जून आणि त्यानंतर

अंतिम फेरी जूनमध्ये येते, मॅच पूर्वेच्या घड्याळाने रात्री आठला म्हणजे आपल्याकडे साडेपाचला, आणि पाऊसही त्याच सुमारास. पहिल्या जोरदार सरीला वीज जाते हे सांगायला नकोच. इन्व्हर्टरवर टीव्ही नाही तर निदान राउटर जोडून ठेवा, फोन रात्रीच चार्ज करा. तेही गेलं तर ॲपमधली लेखी धावती माहिती अगदी अशक्त नेटवरही येते. एका ओव्हरटाइममध्ये मी तीच वाचत बसलो होतो, मेणबत्ती लावून, "शॉट, अडवला, शॉट, अडवला".

कप दिला की दोन्ही संघ रांगेत उभे राहून हात मिळवतात. दोन आठवडे एकमेकांना भिंतीवर चेपणारी माणसं. टीव्ही त्याआधी बंद करू नका.

मग जूनअखेर नव्या खेळाडूंची निवड, आणि 1 जुलैला करार संपलेल्यांची पळवापळवी. त्या दिवशी बातम्या वाचा, पण मित्रांशी पैजा लावू नका. त्याच आठवड्यात सदस्यत्वाचं आपोआप नूतनीकरण बंद करा. जर्सी धुऊन, कडक उन्हाचा एखादा दिवस साधून वाळवून, प्लास्टिकच्या पिशवीत कापूर टाकून बांधा, नाहीतर गणपतीपर्यंत बाहीवर बुरशी येते. जुलैत नवं वेळापत्रक आलं की डिसेंबरपर्यंतच्या मॅचेस भिंतीवर लिहायच्या. जानेवारीनंतरच्या मात्र वहीच्या मागच्या पानावर, नवं कालनिर्णय घरी येईपर्यंत.